रक्ताचा नमुना पुन्हा कशासाठी?

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या पुतण्याच्या रक्ताच्या काचपट्टीत ‘ब्लास्ट’ पेशी दिसल्या. बेळगावच्या डॉक्टरांनी आता फ्लो सायटोमेट्रीसाठी नमुना पुण्याला पाठवायला सांगितले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसल्याच आहेत, मग हा जादा खर्च कशासाठी?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काचपट्टीवर ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, दिसतात हे खरे, परंतु ती पेशी लिम्फॉइड वंशाची आहे की मायलॉइड (रक्तपेशींच्या या दोन मुख्य शाखा), हे नुसत्या रूपावरून अनेकदा निश्चित सांगता येत नाही, आणि दोन्हींची औषधे वेगळी असतात. त्यामुळे या खर्चात काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत डोंगरभर पसरलेली गर्दी कठड्यांमध्ये शिरली की माणसे एकामागून एक पुढे सरकतात, तसेच फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रात घडते. येथे कठड्यांचे काम पेशींच्या भोवतीने वेगाने वाहणारा द्रव करतो आणि प्रत्येक पेशी एकेकटी लेसरच्या झोतासमोरून जाते, तीही सेकंदाला हजारोंच्या संख्येने. सरळ पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा, तर बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्या आतील कणीदारपणाचा अंदाज येतो.

खरी ओळख मात्र पटते ती प्रतिपिंडांमुळे. पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिनांनाच चिकटणारी ही प्रतिपिंडे चमकणाऱ्या रंगद्रव्यांना जोडलेली असतात. लेसर पडताच ती आपापल्या रंगात उजळतात. या प्रथिनांना ‘सीडी’ क्रमांक दिलेले आहेत. ब्लास्ट पेशींवर सीडी १९ आणि सीडी १० ठळक आढळले, तर रोख बी-लिम्फॉइड ल्युकेमियाकडे, म्हणजे लिम्फॉइड शाखेतील बी-पेशींच्या रक्ताच्या कर्करोगाकडे जातो. सीडी १३, सीडी ३३ आणि पेशीच्या आतील मायलोपेरॉक्सिडेज हे प्रथिन आढळले, तर मायलॉइडकडे. एकाच खुणेवर निदान होत नाही, खुणांचा संच पाहावा लागतो.

अहवालातील ठिपक्यांच्या आलेखात सीडी ४५ क्षीण आणि कणीदारपणा कमी अशा ठिपक्यांचा पुंजका बहुधा ब्लास्ट पेशींचा असतो. तज्ज्ञ त्याभोवती रेषा आखून तेवढ्याच पेशी तपासतात. म्हणून ‘सीडी १९ : ९५ टक्के’ असे वाचून रक्तातील ९५ टक्के पेशी बिघडल्या, असा अर्थ घरी काढू नये, तो आकडा बहुधा त्या पुंजक्यापुरताच असतो. (असा घोळ सुशिक्षित घरांतही होतो.)

उपचार सुरू झाल्यावर हीच तपासणी पुन्हा सांगितली, तर ती पहिल्याची नक्कल समजू नये. दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली असली, म्हणजे प्रमाण अवघे ०.०१ टक्का असले, तरी ती शोधण्याची या पद्धतीची क्षमता आहे; काचपट्टीवर ते शक्य नाही.

आता नमुन्याच्या प्रवासाविषयी. या तपासणीला जिवंत पेशी लागतात, कारण मेलेल्या पेशींना नको ती प्रतिपिंडेही चिकटतात आणि निष्कर्ष फसवा निघू शकतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतील नमुना गोठवू नये, बर्फाला थेट टेकवू नये आणि मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नये. तो शक्यतो २४ तासांत पोहोचावा. शनिवारी नमुना निघणार असेल, तर रविवारी तो स्वीकारून लगेच तपासायला घेणार का, हे प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारून घ्यावे.