आधी कान तपासून घ्या

पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांतली साडेतीन तू भाच्यावर लिहिलीस, त्याला ऑटिझम तर नाही ना म्हणून. उरलेल्या अर्ध्या पानाकडे मी शेवटी येते.

तो सव्वातीन वर्षांचा झाला. तहान लागली तरी 'पाणी' म्हणत नाही. तुझं मनगट धरून तुला माठापाशी ओढत नेतो आणि तुझाच हात पेल्यावर ठेवतो. टीव्हीवरची साबणाची जाहिरात मात्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणतो. सायकल उलटी करून तासभर चाक फिरवतो. हाक मारली तर वळत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात जातो. आणि आजी म्हणते, "बोली तो. त्याना बापबी उशिरा बोलना व्हता."

आजीवर रागावू नकोस. मी तर शिकलेली, मूकबधिर मुलांच्या शाळेतली शिक्षिका, आणि माझ्या हातून याहून मोठी चूक झाली आहे. १९९१ साली पाच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. बोलत नाही, हाकेला वळत नाही, म्हणजे ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. दोन वर्षं मी त्याला ओठ वाचायला शिकवत होते, आणि तो माझ्या ओठांकडे बघतच नव्हता. आमची शाळा रुळांपासून फार लांब नव्हती. एके दुपारी लक्षात आलं, सुरतकडची गाडी यायच्या आधी तो उठून खिडकीशी जातो. मला गाडी ऐकू यायच्या आधी! त्याचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. त्याचा ऑटिझम आम्हाला कुणालाच ओळखता आला नाही. त्याच्या आईला हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. ती दोन वर्षं मी त्याला परत देऊ शकले नाही, म्हणून तुला हे पत्र लांबलचक लिहिते आहे.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, सरकारी कागदावरही तोच शब्द आहे. मला तो पटत नाही. ही मुलं स्वतःत रमलेली आहेत, त्यांना माणसं नकोत, असा अर्थ त्यातून निघतो. तुझा भाचा तुझं मनगट धरतो ना? त्याला माणूस हवं आहे. माणसापर्यंत पोचायची जी वाट इतर मुलांना कुणी न शिकवता सापडते, ती त्याला सापडत नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. तिच्या खुणा दोन बाजूंनी दिसतात. एक बाजू माणसांशी देवाणघेवाण करण्याची: नजर, बोट दाखवणं, हाकेला ओ देणं, बोलण्यात आळीपाळी. दुसरी बाजू तेच ते करण्याची, ठरलेल्या क्रमाला धरून राहण्याची, आणि आवाज, स्पर्श, चव, उजेड फार जास्त किंवा फार कमी जाणवण्याची. निदानाला दोन्ही बाजू लागतात. नुसतं उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझम नव्हे. आणि ऑटिझमला स्पेक्ट्रम, म्हणजे लांबलचक पट्टा, म्हणतात ते यासाठी की कुणी आयुष्यभर बोलत नाही, तर कुणी इंजिनिअर होऊनही लग्नघरात दहा मिनिटं उभं राहू शकत नाही.

वर्षाच्या मुलाने बोट दाखवायला किंवा टाटा करायला हवा. सोळा महिन्यांपर्यंत एखादा शब्द आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये' असे दोन शब्द जोडून यायला हवेत. आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, थांबायचं नाही. तुमचा सव्वातीनचा आहे, तेव्हा 'बघू दिवाळीपर्यंत' हे वाक्य घरात आता कुणी उच्चारू नये.

सगळ्यात आधी कान. जळगावच्या सिव्हिलला, म्हणजे आताच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागात जाऊन 'बेरा' तपासणी कुठे आणि कधी होते ते विचार. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघतात. दुखत नाही. कुकरच्या शिट्टीला कान दाबतो म्हणून त्याला ऐकू येतं असं आपण समजतो, पण काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असंही असू शकतं, म्हणून कागद हवाच.

त्याच आठवड्यात अंगणवाडी ताईंना सांग की आरबीएसकेचं, म्हणजे मुलं तपासणारं सरकारी, पथक येईल तेव्हा याचं नाव पुढे करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. ही पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, ऑटिझमची शंका असलेलं मूलही त्यांच्या यादीत बसतं, आणि ती पुढे जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, चिठ्ठी देतात. तिथे पैसे पडत नाहीत. पथक यायला वेळ असेल तर वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ थेट गाठा.

रक्त तपासून किंवा डोक्याचा फोटो काढून ऑटिझम कळत नाही. कुणी तेवढ्यासाठी एमआरआय सांगितला तर कशासाठी ते विचार. निदान होतं ते मुलाला खेळताना बघून आणि आईवडिलांना बारीक विचारून. आपल्याकडे त्यासाठी 'इसा' नावाचं भारतीय मापन आहे. त्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० किंवा वर गेली की ऑटिझम धरतात. हे काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं, म्हणजे अशा चाचण्या घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचं. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारायला लाजू नकोस. पाच मिनिटांत शिक्का मारून देणाऱ्याकडे मी माझं मूल नेणार नाही. दोन-तीन फेऱ्या होतीलच.

तिथे तुझा मोबाइल फार कामाला येईल. अनोळखी खोलीत तो घाबरून बसेल आणि डॉक्टरांना नेहमीचा मुलगा दिसणार नाही. म्हणून आजपासून दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेव: हाक मारताना, जेवताना, चाक फिरवताना, इतर पोरांत, शिट्टी होताना. जन्माचे कागद आणि लसीकरणाचं कार्डही घे.

लसीवरून आठवलं. तुझ्या दादाला कुणीतरी सांगितलंय की गोवरच्या लसीने हे झालं. १९९८ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात तसं सुचवणारा लेख आला होता. त्यातली माहिती खोटी निघाली, २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि लिहिणाऱ्याचा डॉक्टरकीचा परवाना गेला. तेव्हा लस चुकवू नका. मोबाइलनेही ऑटिझम होत नाही. मोबाइल कमी करा, कारण तेवढा वेळ माणसांच्या बोलण्याला मिळतो. आणि वहिनी नोकरीला जाते म्हणून झालं असं जे म्हणतात, त्यांना माझ्याकडे पाठव. आईच्या थंडपणावर खापर फोडणारे एकेकाळी मोठमोठे डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं कधीच मोडीत निघालं. भगताकडे नेलंत ते नेलंत, पण स्टेम सेलच्या, म्हणजे पेशी टोचण्याच्या, उपचारासाठी शेत गहाण टाकायची गोष्ट निघाली तर आडवी पड. त्याने ऑटिझम बरा होतो असा पुरावा नाही.

निदानाचा कागद हातात येईपर्यंत गप्प बसू नका. उद्याच त्याच्या सायकलपाशी बस. चाक फिरू दे, मग हळूच धरून थांबव आणि वाट बघ. त्याने तुझ्याकडे बघितलं, आवाज केला, तुझा हात ढकलला, काहीही केलं की 'फिर' म्हण आणि लगेच सोड. दिवसातून वीसदा. माठापाशीही तसंच: पेला धरून थांब, 'पाणी' म्हण, दे. स्पीच थेरपिस्ट हेच नीट बांधून शिकवतील. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निदानानंतर काढता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, शाळेत त्याचा उपयोग होतो.

आता तुझं अर्धं पान. "बाई, मीपण अशीच आहे का?" कानबाईच्या उत्सवाच्या रात्री तू गच्चीत जाऊन बसतेस, कुणाशी बोलायच्या आधी वाक्य मनात पाठ करतेस, घरी आल्यावर तासभर अंधारात पडून राहतेस. तू आमच्या गल्लीत वाढलीस, आणि मी तुला शहाणी, शांत पोरगी म्हणत राहिले. मुलींचं असंच होतं. त्या दुसऱ्यांचं बघून हसायला शिकतात आणि कुणाच्या नजरेस पडत नाहीत. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तेव्हा तुझा प्रश्न वेडा नाही. पण घाबरटपणा, नैराश्य, चंचलता यांतही असंच वाटू शकतं, म्हणून नेटवरच्या प्रश्नावलीवर निकाल लावू नकोस. मोठ्यांचंही असेसमेंट होतं, मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच करतात. ते तुझं लहानपण विचारतील. आईला विचारून लिहून ठेव: तू कधी बोललीस, कशाने रडायचीस, एकटी काय खेळायचीस. तिला जे आठवत नाही ते मला आठवतं, मी तुझ्यासोबत येईन.

पण आधी त्याचा बेरा. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा, म्हणजे तिथे झोप लागेल. वाटेत गाडीत डुलकी लागू देऊ नका. सायकल नेता येणार नाही, पिशवीत एक भोवरा टाक.

तुझी,
शेजारच्या बाई