'बहुतेक हिला भूक लागलीय'

पत्र (थोडं छाटून):

"ताई, मुलगी चार महिन्यांची आहे. बाळंतपण सांगलीला माहेरी झालं, महिन्यापूर्वी डोंबिवलीला परत आले. सोमवार ते शनिवार मालिशवाल्या मावशी येतात, पोळ्यांच्या बाई येतात, दिवस निघून जातो. शनिवारची संध्याकाळ झाली की मात्र पोटात गोळा येतो. रविवारी दोघींची सुट्टी. हे साडेनऊला उठतात. अकरापासून बाळ बघायला पाहुणे. पोहे, चहा, मध्येच आत जाऊन पाजणं. एक आत्याबाई तर बोटावर मध घेऊनच पुढे आल्या. यांना लेकीची फार हौस आहे. घेतात, फोटो काढतात, आणि ती रडली की 'बहुतेक हिला भूक लागलीय' म्हणत माझ्याकडे आणून देतात. मी फ्रिजवर अकरा कामांची यादी लावली आहे. सांगितलेलं करतात बिचारे. तरी परवा मी बाथरूममध्ये नळ सोडून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. सगळे म्हणतात, नवरा चांगला, सासूबाई हाताशी, तुला काय कमी आहे? तीन आठवडे रजा आधीच घेतली होती, त्यामुळे सहा आठवड्यांनी ऑफिस सुरू. मी कृतघ्न आहे का?"
– रविवारला भ्यालेली

कृतघ्न वगैरे काही नाहीस गं. तुला सुट्टीचा वार नाही, एवढंच झालंय. मावशींना आहे, पोळ्यांच्या बाईंना आहे, नवऱ्याला आहे. मध्य रेल्वेसुद्धा रविवारी मेगाब्लॉक घेते. आणि नेमक्या त्याच दिवशी तुझ्या घरात माणसं दुप्पट होतात.

'बहुतेक हिला भूक लागलीय' वाचून मी आधी हसले. आमच्याकडेही हेच वाक्य होतं, फक्त 'बहुतेक' नव्हतं. चार महिन्यांचं मूल झोप आली म्हणून रडतं, दुपटं ओलं झालं म्हणून रडतं, ढेकर अडकला, झबल्याची नाडी काचली, सहा जणांनी आळीपाळीने गाल ओढले म्हणूनही रडतं. त्यातलं कुठलं रडणं कशाचं, हे कळायला रडतं मूल खांद्यावर घेऊन घरभर फिरावं लागतं. तू ते शिकलीस, कारण रात्री तीन वाजता तुला ते कोणाच्या हातात देता येत नव्हतं. तो तेव्हा डोंबिवलीत होता. सांगलीला जाऊन-येऊन असलेल्या बापाला कोणी बाळाचं ओलं दुपटं बदलू देतं का? जावईबापू म्हणून पाटावर बसवून शिराच खायला घालतात.

म्हणजे त्याला येत नाही, हे खरंच आहे. पण ती यादी त्याला कधीच शिकवणार नाही. यादीत अकरा कामं आहेत, आणि कुठलं कधी करायचं हे लक्षात ठेवायचं बारावं काम तुझ्या डोक्यात आहे. तू मुकादम झालीस आणि तो रोजावर आला. मुकादमाला दमायला होतंच.

त्यापेक्षा त्याला कामं देऊ नकोस, सकाळ दे. रविवारी सातचं पाजणं झालं की तिथून पुढचं सगळं त्याचं. अंघोळसुद्धा. मावशी नसल्या तर एक दिवस मालिश बुडाली म्हणून काही बिघडत नाही, उलट तेलाने निसटणारं बाळ नवशिक्याच्या हातात नकोच. पाटावर बसून पाय लांब करायचे, पाणी हाताच्या तळव्याने नाही तर कोपराने बघायचं, टॉवेल आणि झबलं आधीच हाताशी काढून ठेवायचं, कारण ओल्या बाळाला एकटं सोडून उठता येत नाही. हे एकदा सासूबाईंनी त्याला दाखवावं, तू नाही. तू दाखवायला गेलीस की दारात उभी राहून सूचना देशील. मी दिल्या आहेत. शेवटी आमच्या ह्यांनी दाराला आतून कडी लावली.

अंघोळ झाली की झोपवणंही त्यानेच. दुधाचं म्हणशील, तर काढून ठेवलेलं आईचं दूध बाहेर सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. आपल्याकडच्या उकाड्यात मी ते बाहेर ठेवणारच नाही. स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेव. गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात डबा धरायचा आणि वाटी-चमच्याने पाजायचं. पहिल्यांदा निम्मं हनुवटीवरून गळ्यात जाईल. जाऊ दे. सहा आठवड्यांनी तू लोकलमध्ये असशील तेव्हा कोणालातरी हे जमावंच लागणार आहे, आणि तालमीला तुमच्याकडे मोजून सहा रविवार आहेत.

आता पाहुणे. यात सासूबाईंना आपल्या बाजूला घे, त्यांच्याशिवाय हे होणार नाही. घरच्या ग्रुपवर निरोप त्यांच्याच फोनवरून जाऊ दे: 'बाळाची झोप असते, रविवारी पाच ते साडेसहा या.' सुनेने लिहिलं तर शिष्टपणा होतो, आजीने लिहिलं तर कौतुक होतं. हे बरोबर नाही, पण उपयोगी आहे. आल्यावर आधी हात धुणं, पापे नाहीत, आणि ज्याला सर्दी आहे त्याने फोटोच बघायचा. मधाच्या बाबतीत मात्र भिडेला अजिबात बळी पडू नकोस. मधात बॉट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मध बोटावरही नाही. गुटी, पाणी, ग्राइप वॉटर हेही सहा महिन्यांपर्यंत नको. आत्याबाईंना हे सगळं समजावत बसू नकोस. "डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय" एवढं म्हण. आपल्याकडे सुनेचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात.

नळ सोडून बसलीस त्याबद्दल मला जरा विचारायचंय. ते फक्त रविवारी होतं, की सोमवारीही? बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि आपोआप ओसरतं. पण चौथ्या महिन्यात दोन आठवडे सलग मन खाली असेल, बाळ झोपलं तरी तुझा डोळा लागत नसेल, तिला घ्यावंसंच वाटत नसेल, तर हे रविवारचं गणित नाही, आजार आहे आणि त्यावर औषध आहे. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सरळ सांग. त्यांच्याकडे दहा प्रश्नांची एक चाचणी असते, पाच मिनिटांत होते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार नुसता चाटून गेला तरी वाट बघू नकोस, त्याच दिवशी घरात सांग, एकटी राहू नकोस आणि दवाखाना गाठ. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच टाकून ठेव. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि ते साडेनऊला उठणं. त्यावर भांडू नकोस, शनिवारी रात्री जेवताना सांग, सासूबाईंसमोर सांग: "उद्या सातपासून लेक तुमची, मी बाहेर जातेय." घरात थांबलीस तर तिच्या पहिल्या टाहोला तू दारात असशील. रिक्षा कर, फडके रोडला जा, गणपतीचं दर्शन घे, डोसा खा. गरम खा. दोन तासांनी पुढच्या पाजण्याच्या वेळेला परत ये. त्याचा फोन येईल, वीसेक मिनिटांतच येईल, आणि तो काय म्हणणार ते तुला-मला दोघींना माहीत आहे. "मग काढून ठेवलेलं दूध दे," म्हण, आणि चटणी अजून माग.