आईसाठी मोठ्या बटणांचा टीव्ही रिमोट ईएसपी३२ वापरून घरी बनवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आईला संधिवात आहे, रिमोटची बारीक बटणं तिच्याने दाबली जात नाहीत, तर ईएसपी३२ वर (प्रोग्राम लिहून चालवता येणारा, वायफाय असलेला छोटा बोर्ड) मोठ्या बटणांचा रिमोट करावा की टीव्ही सरळ फोनवरून चालवायला शिकवावं. रिमोट करा. ज्या बोटांना रबराचं बटण दाबवत नाही, त्यांना काचेवर नेमक्या जागी टेकणंही जड जातं.

मी बाबांसाठी असा रिमोट केला आहे. त्यांना पार्किन्सन आहे, हाताला कंप असतो. एक दाबायला गेले की अकरा उमटायचे, टीव्ही लावायला गेले की लागून लगेच बंद व्हायचा. मग रिमोट खाली ठेवून मी कामावरून परळला घरी पोहोचेपर्यंत ते काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. सह्याद्रीच्या सातच्या बातम्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या आहेत, त्याही चुकायच्या. मला ते बघवत नव्हतं.

जोडणी एका संध्याकाळची आहे. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा, फक्त रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. ईएसपी३२ बोर्ड, ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, ४७ आणि ४७० ओहमचे रेझिस्टर आणि जुन्या रिमोटचे कोड वाचायला व्हीएस१८३८बी रिसीव्हर घ्या. रिसीव्हर म्हणून टीएसओपी१७३८ हातात दिला तर घेऊ नका. तो ५ व्होल्टचा आहे आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. एलईडी थेट पिनला लावला तर अगदी जवळूनच चालतो. ५ व्होल्टपासून ४७ ओहम, मग एलईडी, मग ट्रान्झिस्टर जमिनीला (म्हणजे बोर्डाच्या ग्राउंड पिनेला), आणि पिनेपासून बेसला ४७० ओहम असं जोडलं की एलईडीला साधारण ७५ मिलिअँपिअर मिळतात. आमच्या खोलीत तो भिंतीवरून परतूनही टीव्हीपर्यंत पोहोचतो. इतका की दार उघडं असलं की समोरच्या काकूंच्या सेट-टॉप बॉक्सचं चॅनल बदलायचं, कारण बॉक्स एकाच कंपनीचे आणि कोड तेच. एलईडी भिंतीकडे वळवला तेव्हा थांबलं.

कोडची फार धास्ती घेऊ नका. रिमोटचा दिवा बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो आणि मधल्या विरामांच्या लांबीत शून्य आणि एक दडलेले असतात. एनईसी या कोड पाठवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा ठोका आणि ४.५ मिलिसेकंदांचा विराम असतो, सोनी ४० किलोहर्ट्झ वापरते. ईएसपीहोममध्ये (बोर्डाचा प्रोग्राम तयार करून देणारं सॉफ्टवेअर) रिसीव्हर चालू करून जुन्या रिमोटची बटणं एकेक दाबा, कोड लॉगमध्ये दिसतात. ते वहीत उतरवून ठेवा.

खरी मेहनत पुढे आहे. पॉवरचं बटण टीव्हीला ‘चालू हो’ सांगत नाही, ‘आहेस त्याच्या उलट हो’ सांगतं. काही टीव्हींना चालू आणि बंदचे वेगळे कोड असतात, पण ते रिमोटवर नसतात. तेव्हा टीव्ही चालू आहे का, हे तुमच्या बोर्डाला कळायला हवं. मी टीव्हीचा यूएसबी पोर्ट वापरला. आमच्या टीव्हीत तो टीव्ही बंद झाला की मरतो. त्यातले ५ व्होल्ट १० आणि २० किलोओहमच्या जोडीने ३.३ वर आणून एका पिनेला दिले, आणि यूएसबीची जमीन बोर्डाच्या जमिनीला. काही टीव्हींत बंद असतानाही पोर्ट जिवंत राहतो, म्हणून आधी मीटर लावून बघा. सेट-टॉप बॉक्स मी बंद करतच नाही, एक भानगड कमी.

आता बाबांच्या खोक्यावर चारच बटणं आहेत. हिरवं दाबलं की बोर्ड आधी टीव्ही बंद आहे का बघतो, असेल तरच पॉवरचा कोड पाठवतो, दहा सेकंद थांबतो आणि मग बातम्यांच्या चॅनलचे आकडे ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवतो. लाल बंद करतं, उरलेली दोन आवाजाची. एकदा दाबल्यावर पुढचे दीड सेकंद तेच बटण बहिरं राहतं. आवाजाच्या बटणांना अर्धा सेकंद. ही एक ओळ लिहिली त्या दिवशी बाबांनी स्वतः टीव्ही लावला. तुमच्या आईला कंप नसेल तर इतका वेळ लागणार नाही, पण बटण किती हलकं आहे हे तिच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. गेमच्या मशीनला लावतात तसली मोठी गोल बटणं मिळतात. दुकानात ती बोटाने नाही, मुठीच्या पाठीने दाबून बघा. जमलं तर आईलाच घेऊन जा.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन स्थिर धरणारा रेझिस्टर, नसतो. मी बटण ३४ वर लावलं आणि बाहेरून रेझिस्टर दिला नाही. रात्री दोनला टीव्ही आपोआप लागला आणि बाबा दचकून उठले. बटण ३२ वर हलवलं आणि प्रश्न मिटला.

वायफायवर बटणं अवलंबून ठेवू नका. माझा बोर्ड होम असिस्टंटला (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) जोडलेला आहे, पण राउटर बंद असला तरी चारही बटणं चालतात. ईएसपीहोम वापरणार असाल तर जोडणी तुटल्यावर बोर्ड आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय बंद करा, नाहीतर राउटर बंद पडलेल्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी तो उठबस करत राहील.

सामान आणण्याआधी एक तपासा. बॉक्सचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून चॅनलचं बटण दाबा. जांभळट उजेड दिसला तर वर लिहिलेलं सगळं लागू पडतं. दिसला नाही तर तो रिमोट ब्लूटूथचा असण्याची शक्यता मोठी आहे आणि मग बोर्डाला ब्लूटूथ कीबोर्ड बनवावा लागेल, कोड वाचून भागणार नाही. काय दिसतं ते इथे लिहा, त्याप्रमाणे पिनांची जोडणी सांगतो.