जिंकलेल्याला निरोप, हरलेल्याला मुदत

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील सात मित्र गेली बारा वर्षे एकत्र बसून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने पाहतो. आमच्यापैकी पाच जण मँचेस्टर युनायटेडचे आणि दोघे टॉटनहॅमचे चाहते आहेत. २१ मे २०२५ रोजी बिल्बाओ येथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने युनायटेडला १-० असे हरवले. त्यानंतर सोळा दिवसांनी टॉटनहॅमने आपले प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांना काढून टाकले. युनायटेडने मात्र हरलेल्या संघाचे प्रशिक्षक रूबेन अमोरिम यांना कायम ठेवले. हा कोणता न्याय? आमच्यातला एक गट म्हणतो की युनायटेडचे पूर्वीचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनाही सुरुवातीला लोक काढायला निघाले होते, म्हणून धीर धरावा. दुसरा गट म्हणतो की चेल्सीने २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला आणि चार महिन्यांत चॅम्पियन्स लीग ही युरोपातील सर्वांत मोठी क्लब स्पर्धा जिंकली, म्हणून उशीर करू नये. वाद इतका विकोपाला गेला की दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या पत्रात ‘न्याय’ हा शब्द आला आहे आणि भांडणाचे मूळ मला तिथेच दिसते. प्रशिक्षकाने केलेल्या कामाबद्दल क्लबवर जे ऋण राहते ते एक, आणि पुढच्या हंगामात संघ त्याच्याच हाती सोपवावा की नाही हा प्रश्न वेगळा. टॉटनहॅमने २००८ च्या लीग कपनंतर एकही चषक जिंकला नव्हता. सतरा वर्षांचा तो दुष्काळ पोस्टेकोग्लू यांनी संपवला, शिवाय चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेशही मिळवून दिला. हे ऋण मोठे आहे आणि आपल्या टॉटनहॅमवाल्या मित्रांनी ते जन्मभर मानावे. परंतु हे ऋण फेडण्यासाठी पुढचा हंगाम पणाला लावावा काय, हे ठरवताना त्या एका रात्रीपेक्षा आधीच्या दीड वर्षाकडे पाहावे लागते.

ते दीड वर्ष असे होते. २०२३ च्या हंगामात पोस्टेकोग्लू यांच्या संघाने लीगमधील पहिल्या १० सामन्यांत ३० पैकी २६ गुण मिळवले आणि सारे लंडन त्यांच्यावर खूश झाले. त्यानंतरच्या ६६ लीग सामन्यांत मिळून ७८ गुण आले, म्हणजे एका सामन्याला सरासरी १.१८. या गतीने ३८ सामन्यांचा पूर्ण हंगाम खेळला तर सुमारे ४५ गुण होतात आणि एवढ्या गुणांवर संघ तक्त्याच्या खालच्या भागातच राहतो. २०२४-२५ मध्ये तर ३८ पैकी २२ सामने हरून संघ ३८ गुणांसह वीस संघांत सतराव्या स्थानावर, खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याच्या रेषेला लागून थांबला. बचावपटू रोमेरो व फान द फेन आणि गोलरक्षक विकारिओ दीर्घकाळ जखमी होते, तसेच शेवटच्या दोन महिन्यांत युरोपा लीगसाठी लीगचे सामने जवळजवळ सोडूनच दिले होते, हे मला मान्य आहे. पण दुखापतींचा हिशेब वजा केला तरी ६६ सामने हा लहान आकडा नाही. विजयाच्या भावनेवर निर्णय घेता येणार नाही, अशा आशयाचे निवेदन क्लबने काढले तेव्हा अनेकांना ते कृतघ्नपणाचे वाटले. मी त्या संचालकांच्या जागी असतो तर मीही हाच कौल दिला असता आणि त्या रात्री मला झोप लागली नसती.

आता आपल्या पाच मित्रांकडे वळू. अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. त्यांच्या हाताखाली युनायटेडने लीगचे २७ सामने खेळून नेमके २७ गुण मिळवले, म्हणजे सामन्याला एक. त्याच हंगामात ज्यांना ऑक्टोबरमध्ये काढले त्या एरिक टेन हाग यांचे ९ सामन्यांत ११ गुण होते. केवळ आकडा पाहिला तर नवा माणूस जुन्याहून आणि पोस्टेकोग्लू यांच्याहूनही मागे होता. संघ ४२ गुणांसह पंधरावा आला. मग त्यांना ठेवले कशासाठी?

माझ्या समजुतीप्रमाणे दोन कारणे आहेत. पहिले असे की ते हंगामाच्या मध्यात आले, हंगामपूर्व सरावाचे आठवडे त्यांना मिळाले नाहीत, आणि बचावात चार खेळाडू ठेवून खेळण्यासाठी जमवलेल्या संघाला त्यांनी तीन बचावपटूंच्या ३-४-३ रचनेत बसवायला घेतले. दुसरे कारण क्लबच्या स्वतःच्या ताज्या जखमेचे आहे. मे २०२४ मध्ये टेन हाग यांनी एफए कप जिंकला, तोही मँचेस्टर सिटीला हरवून. त्या वर्षी संघ लीगमध्ये आठवा होता आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल अधिक होते. तरीही चषकाच्या तेजात जुलैमध्ये करार वाढवला गेला, २८ ऑक्टोबरला त्यांना काढावे लागले आणि त्यांच्या व सहकाऱ्यांच्या भरपाईपोटी क्लबला एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. एका अंतिम सामन्याच्या निकालावर निर्णय केल्याची किंमत युनायटेडने नुकतीच दिली होती. म्हणून २०२५ मध्ये एक अंतिम सामना हरला एवढ्यावरून त्यांनी माणूस बदलला नाही, यात मला सुसंगती दिसते. मात्र ही मुदत होती, बक्षीस नव्हे, आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांना काढल्यावर ती संपली. मनाजोगते खेळाडू आले आणि सरावाला पूर्ण वेळ मिळाला की वरचे पहिले कारण कोणत्याही प्रशिक्षकापुरते संपते, आणि त्यानंतरही सामन्याला एकच गुण येत राहिला तर आपल्या पाच मित्रांनी फर्ग्युसन यांचे नाव घेऊन त्याचा बचाव करू नये.

फर्ग्युसन यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चाहत्यांच्या प्रत्येक वादात त्यांचे नाव शेवटचे अस्त्र म्हणून काढले जाते. ते नोव्हेंबर १९८६ मध्ये आले तेव्हा युनायटेड २२ संघांत एकविसावे होते. पुढे लीगमधील स्थाने अशी राहिली : अकरावे, दुसरे, अकरावे, तेरावे. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीकडून ५-१ असा पराभव झाला आणि त्या हिवाळ्यात त्यांनी जावे असे फलक प्रेक्षागृहात झळकले. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सच्या गोलाने एफए कपमधील आव्हान टिकले, मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसला पुनर्सामन्यात १-० ने हरवून तो चषक मिळाला आणि १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीगचे विजेतेपद आले. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर लीगची १३ विजेतेपदे होती.

ही कहाणी खरी आहे, पण पुरावा म्हणून ती अपुरी आहे. ज्यांना तीन-चार वर्षे दिली आणि ज्यांच्या हातून काहीच घडले नाही, त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला आठवत नाहीत, म्हणून धीराचे फळ नेहमी गोड असते असा आपला समज होतो. शिवाय फर्ग्युसन यांच्या त्या वाईट वर्षांतही क्लबच्या आत काम चालू असल्याच्या खुणा होत्या. खेळाडूंची मद्यपानाची जुनी सवय त्यांनी मोडायला घेतली होती आणि युवा संघाची बांधणी नव्याने केली होती. १९९२ मध्ये एफए युथ कप जिंकणाऱ्या त्या मुलांत गिग्ज, बेकहॅम, बट आणि गॅरी नेव्हिल होते. धीर धरायचा तो अशा खुणांच्या आधारावर.

चेल्सीवाल्या दाखल्याची गतही तीच आहे. जानेवारी २०२१ मध्ये प्रशिक्षक लॅम्पार्ड गेले, टुखेल आले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग आली, हे सर्वांनी पाहिले. पण वाईट काळानंतर थोडा बरा काळ बहुधा येतोच, मग प्रशिक्षक बदला अथवा न बदला. बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षकबदलांचा अभ्यास केला. बदलानंतर संघ सावरतात, परंतु तितक्याच वाईट अवस्थेतून गेलेले आणि प्रशिक्षक न बदललेले संघही जवळजवळ तितकेच सावरतात, असे त्यांना आढळले. साउदम्प्टनचा दाखला आपल्या मित्रांना अवश्य सांगावा. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा संघ घरच्या मैदानावर लेस्टरकडून ९-० असा हरला, तरी क्लबने प्रशिक्षक राल्फ हासेनह्युटल यांना ठेवले, आणि त्याच हंगामाच्या शेवटी संघ अकरावा आला. हासेनह्युटल यांना त्या आठवड्यात काढले असते तर पुढच्या सुधारणेचे सारे श्रेय नव्या माणसाला मिळाले असते.

आपण भुसावळचे आहात, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आपण पाहिल्या असतीलच. मे महिन्यातल्या उष्ण वाऱ्यांत बागेची पाने फाटतात, पिवळी पडतात, पण कंद धड असेल आणि पाणी मिळाले तर पावसाळ्यात तीच बाग उभी राहते. सीएमव्ही हा विषाणूचा रोग, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, तो लागलेले झाडही आधी पिवळेच दिसते. ते मात्र उपटून दूर न्यावे लागते, नाहीतर रोग शेजारच्या झाडांवर जातो. दोन्हींचा रंग दुरून सारखा दिसतो, म्हणून शेतकरी बांधावरून निर्णय न घेता जवळ जाऊन पानावरचे पट्टे पाहतो. संघाच्या बाबतीत जवळ जाऊन पाहणे म्हणजे निकालाच्या आड काय चालले आहे ते पाहणे होय. संघाने निर्माण केलेल्या संधींचा दर्जा मोजणारे ‘अपेक्षित गोल’ नावाचे एक माप आता सामन्याच्या आकडेवारीत सर्रास दिले जाते. पेनल्टी चारपैकी सुमारे तीन वेळा गोलात जाते, म्हणून तिचे मूल्य पाऊणच्या आसपास धरतात, आणि तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याचे अगदी थोडे. संघ हरत असूनही या मापात प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असेल तर ते उन्हाने पिवळे पडणे आहे. जिंकत असूनही सतत मागे असेल तर काळजी करावी. त्याखेरीज तीच चूक दहाव्या सामन्यातही होते आहे काय, कॉर्नरवर तोच खेळाडू मोकळा सुटतो आहे काय, विशी-बाविशीतले खेळाडू सहा महिन्यांपूर्वीपेक्षा बरे खेळत आहेत की मान खाली घालून फिरत आहेत, हे डोळ्यांनीही दिसते. बारा वर्षे सामने पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आमच्याहून आधी दिसायला हवे.

बोलणे टाकलेल्या त्या दोघांना सांगावे की दोघांचेही दाखले खरे आहेत आणि दोघांचाही निष्कर्ष त्या दाखल्यांतून निघत नाही. त्यांनी पुढच्या हंगामाचे पहिले दहा सामने एकाच खोलीत बसून पाहावेत.

प्रश्न : काही ठिकाणी ‘मॅनेजर’ आणि काही ठिकाणी ‘हेड कोच’ असे लिहिलेले असते. फरक काय?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : फर्ग्युसन यांच्या काळातील मॅनेजर सराव घेई, संघ निवडी आणि कोणता खेळाडू विकत घ्यायचा यातही त्याचा शब्द मोठा असे. हेड कोचकडे प्रामुख्याने सराव आणि संघनिवड असते. खरेदी-विक्री, युवा विभाग आणि वैद्यकीय व्यवस्था यांवर क्रीडा संचालक व त्यांची यंत्रणा असते. अमोरिम यांची नेमणूक हेड कोच या पदनामानेच झाली. म्हणून चुकीच्या खेळाडूवर पैसे गेले तर तो राग एकट्या प्रशिक्षकावर काढणे बरोबर नाही. चाहते मात्र तो त्याच्यावरच काढतात, कारण दर शनिवारी रेषेजवळ उभा असलेला तोच दिसतो.

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या १४ वर्षांखालील संघात खेळतो. संघ सलग दोन वर्षे जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. काही पालकांनी प्रशिक्षक बदलावेत असा अर्ज तयार केला असून माझी सही मागितली आहे. सर शाळा सुटल्यावर रोज दीड तास शिकवतात, त्याचे त्यांना वेगळे मानधन मिळत नाही. मला फुटबॉल कळत नाही. सही करावी काय?
— एक माता, चाळीसगाव

उत्तर : ताई, हा प्रश्न मला वरच्या दोन्ही क्लबांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तूर्त सही करू नये. आधी तीन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून सराव पाहावा. त्यासाठी खेळ कळण्याची गरज नाही. मुले किती आहेत आणि चेंडू किती आहेत ते मोजावे. तीस मुलांत तीन चेंडू असतील तर दीड तासात आपल्या मुलाच्या पायाला चेंडू क्वचितच लागेल, आणि त्याचा दोष सरांचा नसून चेंडू न पुरवणाऱ्यांचा आहे. अंगाने दुबळ्या मुलांनाही खेळवले जाते की तीच अकरा मुले रोज खेळतात, हे पाहावे. या वयात मोठ्या चणीची मुले असलेला संघ पहिली फेरी सहज जिंकतो आणि दोन वर्षांनी इतर मुले उंच झाली की ती आघाडी नाहीशी होते, म्हणून जिल्हा स्पर्धेच्या दोन निकालांवरून सरांची पारख होत नाही. मुलगा गेल्या वर्षी केवळ उजव्या पायाने चेंडू मारत होता आणि आता डाव्यानेही मारतो काय, हे त्यालाच विचारावे.

त्यानंतर सरांना भेटावे आणि त्यांना काय कमी पडते ते विचारावे. चेंडू, गोलची जाळी, उन्हाळ्यात पहाटे मैदान उघडून देणारा माणूस, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाल्यावर सरावासाठी दुसरी जागा, असे काही ते सांगतील तर पालकांनी तयार केलेल्या अर्जावर त्याच गोष्टी लिहून तो शाळेला द्यावा, आणि त्यावर पहिली सही आपण करावी. मात्र त्या तीन संध्याकाळी सर मुलांना शिवीगाळ करताना, हात उगारताना किंवा चुकलेल्या मुलाला सर्वांसमोर हिणवताना दिसले, तर संघ जिंकत असता तरीही त्याच दिवशी सही करावी आणि मुख्याध्यापकांना स्वतः भेटावे.