ओठाच्या कडेला आलेले फोड आंब्याच्या चिकाचे की हर्पिसचे, हे कसं ओळखायचं?

मे महिन्यात मालवणला मामाकडे राहिलात, आंबे मनसोक्त खाल्लेत, आणि निघायच्या सुमारास खालच्या ओठाच्या कडेला फोड उठले. मामी म्हणतात चीक लागला, शेजारीण म्हणते कोळी मुतला, आणि नेटवर 'हर्पिस' (विषाणूमुळे येणारे फोड) वाचल्यापासून तुमची झोप उडालीय. तुमचा प्रश्न मला असा कळला.

देवगड तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. आंब्याच्या दिवसांत ओठ पुढे करून मलम मागणारी गिऱ्हाइकं नेहमीचीच. फोड बघण्याआधी मी एकच विचारतो : काही दिसत नव्हतं तेव्हा, आदल्या दिवशी, तिथे काय वाटत होतं? हर्पिस असेल तर माणूस लगेच सांगतो की चुरचुरत होतं, मुंग्या आल्यासारखं होत होतं, ओठ तेवढ्याच जागी ताणल्यासारखा वाटत होता. काही तासांपासून दीड-दोन दिवसांपर्यंत हे चालतं. मग तिथेच, ओठ संपून कातडी सुरू होते त्या रेषेवर, लालसर जागेत मोहरीएवढे पाणी भरलेले फोड एकमेकांना चिकटून झुबक्याने येतात. दोन-तीन दिवसांत ते फुटतात, ओलसर जखम होते, दुखते. मग पिवळट-तपकिरी खपली धरते. हसलं की ती तडकते आणि रक्त येतं. एकूण आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे. मागे व्रण सहसा राहत नाही.

चिकाचं वागणं वेगळं. देठ मोडल्याबरोबर जो चीक उडतो तो कातडी भाजतो. कैरी झाडाखालीच दाताने फोडणाऱ्या पोरांच्या ओठांवर, हनुवटीवर ओघळाच्या आकाराचे काळपट डाग दिसतात ते त्याचेच. काहींना चिकाची ॲलर्जी असते. त्यांना एक-दोन दिवसांनी पुरळ येतं, पण ते रस जिथे जिथे लागला तिथे सगळीकडे : दोन्ही ओठ, गाल, कधी बोटांच्या बेचक्यात. खाज प्रचंड. काजू आणि बिब्बा आंब्याच्याच कुळातले, त्यामुळे ओल्या काजूच्या बिया सोलणाऱ्यांनाही हे होतं.

गोंधळ होतो तो मोसमामुळे. हर्पिसचा विषाणू एकदा अंगात शिरला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी कायमचा दडून बसतो, आणि त्याला उठवणाऱ्या गोष्टींत कडक ऊन पहिल्या रांगेत आहे. (ताप, जागरण, पाळी, मनावरचा ताण या बाकीच्या.) म्हणजे आंबा पिकतो त्याच उन्हात फोडही येतात, आणि दोष बिचाऱ्या आंब्यावर जातो. होडीवर जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं वाक्य मला कुठल्याही तपासणीइतकं पटतं : "दर वर्साक थंयच येता." वारंवार त्याच जागी येणं ही हर्पिसची खूणच आहे. तुम्हाला पूर्वी कधी त्याच जागी आले होते का, ते आठवून बघा.

तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेला पांढरट जखमा असतील तर ते बहुधा साधं तोंड येणं. दोन्ही कोपऱ्यांत नुसत्या चिरा असतील तर तेही हर्पिस नव्हे.

आता झोपेचं. जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी साधारण दोघांच्या अंगात हा विषाणू असतो, आणि बहुतेकांना तो लहानपणी घरच्याच कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो. बऱ्याच जणांना कधी फोड येतच नाहीत. तेव्हा चारित्र्याचे प्रश्न काढू नका. मात्र खपली पडेपर्यंत कुणाचा पापा घेऊ नका, तान्ह्या बाळाचा तर नाहीच. त्यांना हा आजार जिवावर बेतू शकतो. पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळं ठेवा. मुखमैथुनही टाळा, त्यातून तो जननेंद्रियांवर जातो.

असायक्लोव्हिरचं मलम चुरचुर सुरू होताच लावलं तर थोडाफार उपयोग, खपली धरल्यावर जवळजवळ शून्य. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्याही जितक्या लवकर तितक्या बऱ्या. घरात पडलेली खाज-गजकर्णाची ट्यूब लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि त्याने हर्पिस चिघळतो. चुना, टूथपेस्ट हेही नको.

दोन आठवड्यांत बरं झालं नाही, मधुमेह आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, किंवा लहान मुलाला तापासोबत हिरड्या सुजून पाणीही गिळवत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि फोडाला लावलेलं बोट डोळ्याला लागून डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब आणून बघू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.