शब्दशंका : भरलेपणाचे शब्द

प्रश्न : ‘पूर्ण’, ‘संपूर्ण’, ‘परिपूर्ण’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? ‘काठोकाठ’, ‘तुडुंब’ वगैरेंचे काय?

उत्तर : सरसकट चालत नाहीत. ‘संपूर्ण’ व्याप्ती सांगतो, कोणताही भाग वगळलेला नाही : संपूर्ण पुस्तक वाचले. ‘पूर्ण’ बहुधा काम तडीस गेल्याचे सांगतो : लेख पूर्ण झाला. तो ‘परिपूर्ण’ असेलच असे नाही, कारण तिथे उणीव नसणे अपेक्षित असते. म्हणून ‘अधिक परिपूर्ण’ खटकते.

भरण्याच्या शब्दांत मराठी फार श्रीमंत आहे. द्रव भांड्याच्या कडेला टेकला की काठोकाठ. धान्य कडेच्याही वर निमुळत्या राशीसारखे चढले की शिगोशीग; त्या वरच्या राशीला शीग म्हणतात. पाण्याला शीग चढत नाही, म्हणून ‘पाणी शिगोशीग’ लिहू नये. विहीर, तळे, सभागृह तुडुंब. फट उरली नाही की गच्च, दाबून कोंबले की ठासून. ‘ओतप्रोत’चा ओतण्याशी संबंध नाही, मूळ संस्कृत अर्थ उभा-आडवा विणलेला, त्यामुळे तो भावनेला शोभतो, बादलीला नाही.

लिहिताना ‘पूर्ण’मधला पू दीर्घ, ‘पुरेसा’मधला पु ऱ्हस्व.