बाळंतपणानंतर खोकला जात नाही? आधी हे बघ

अगं, दीड महिना झाला तरी खोकला जात नाही म्हणतेस, तर आधी खोलीतली शेगडी बाहेर काढ. ओवा-बाळंतशेपांची धुरी कितीही परंपरेची असली तरी दारं-खिडक्या लावून घेतली की तो धूर तुझ्या आणि बाळाच्याही छातीत जातो. सासूबाईंना वाईट वाटेल, वाटू दे.

सर्दी-तापानंतरचा कोरडा खोकला आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. आडवं पडल्यावर वाढत असेल, घशाशी आंबट येत असेल तर पित्ताचा संशय घे. डिंकाचा लाडू खाऊन लगेच पाठ टेकू नकोस. पहाटे छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दमा असू शकतो. आणि सहसा कुणी विचारत नाही ते: बीपीसाठी एनालाप्रिल चालू आहे का? त्याने घसा खवखवून कोरडा खोकला येतो. गोळी मनाने थांबवू नकोस, डॉक्टर बदलून देतात.

दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासून घेच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. बाळंतपणानंतर टीबी डोकं वर काढू शकतो. 'अंगावर पाजतेस, एक्स-रे नको' असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस, चालतो.

सपाट झोपल्यावर दम लागतो, दोन्ही पाय सुजलेत, तर हृदयाची तपासणी लगेच. एकाच पायाला सूज, अचानक धाप, थुंकीत रक्त असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ.

पाजत असताना कोडीनचं सिरप नको. टाके ओढले जात असतील तर खोकताना पोटावर उशी दाबून धर.